मॉरिशस ते रॉड्रिग्स: अंतर ठरलेलं, वेळ वाऱ्यावर

पुण्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. मुलगी-जावई मॉरिशसला असतात, नवरा-बायको दोघं त्यांच्याकडे जाणार आहेत आणि तिथून तीन दिवस रॉड्रिग्स बेटावर जायचा बेत आहे. इंटरनेटवर एका ठिकाणी त्यांना अंतर ५६० किलोमीटर आणि वेळ ४५ मिनिटं दिसली, दुसरीकडे ६०० किलोमीटर आणि सव्वा तास, तिसरीकडे ६२० किलोमीटर, आणि तिकिटावर मात्र दीड तास. "यातलं खरं काय? आणि रॉड्रिग्सहून सकाळी परतून त्याच संध्याकाळचं मुंबईचं विमान धरलं तर चालेल का?"

आधी सरळ उत्तर देतो. विमानतळापासून विमानतळापर्यंतचं अंतर सुमारे ५९८ किलोमीटर, म्हणजे ३२३ सागरी मैल. विमान जागचं हलल्यापासून पलीकडे थांबेपर्यंत दीड तास धरा, तिकिटावरचा आकडाच बरोबर आहे. आणि त्याच दिवशीचं मुंबईचं विमान धरू नका, मध्ये एक रात्र ठेवा. माझी सगळी नोकरी विमानांच्या उड्डाण नियोजनात गेली. मार्ग, वारा, इंधन, वजन यांचा हिशेब करून वैमानिकाच्या हातात कागद द्यायचा हे आमचं काम. त्यात बेटांवरची उड्डाणं हा वेगळाच विषय असतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

अंतरापासून सुरुवात करू, कारण तिथे वादाला फारशी जागा नाही. मॉरिशसचा आंतरराष्ट्रीय विमानतळ, म्हणजे सर शिवसागर रामगुलाम विमानतळ, प्लेझॉन्सला आहे: २०.४३ अंश दक्षिण, ५७.६८ अंश पूर्व. रॉड्रिग्सचा विमानतळ प्लेन कोराय इथे: १९.७६ अंश दक्षिण, ६३.३६ अंश पूर्व. रेखांशांतला फरक ५.६८ अंश. विषुववृत्तावर एका रेखांशाला १११ किलोमीटरहून थोडं जास्त भरतं, पण विसाव्या अक्षांशाजवळ ते आकसून १०४.६ होतं. म्हणजे पूर्व-पश्चिम ५९४ किलोमीटर. अक्षांशांतला फरक ०.६७ अंश, त्याचे सुमारे ७४ किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस लावा, ५९८ येतात. पृथ्वी गोल असताना पायथागोरस कसा चालेल, असं कुणी म्हणेल. एवढ्या छोट्या अंतरावर, तेही विषुववृत्तापासून फार लांब नसताना, तो व्यवस्थित चालतो. मुंबई-लंडनला लावलात तर फसाल.

मग ५६० आणि ६२० कुठून आले? ६२० चा उगम सोपा आहे. ती गावापासून गावापर्यंतची मोजणी आहे, मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईपासून रॉड्रिग्सचं मुख्य गाव पोर्ट माथुरँपर्यंत. पोर्ट लुई मॉरिशसच्या वायव्य किनाऱ्यावर, तर प्लेझॉन्स आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे रॉड्रिग्सच्या बाजूला. पलीकडे प्लेन कोराय बेटाच्या पश्चिम टोकाला, म्हणजे मॉरिशसच्या बाजूला. दोन्ही विमानतळ एकमेकांकडे सरकलेले असल्यामुळे विमानाचं अंतर गावांमधल्या अंतरापेक्षा वीस-पंचवीस किलोमीटरने कमी भरतं. एरवी लोकांना उलट सवय असते.

५६० चा आकडा मात्र मला पटत नाही. तो बऱ्याच ठिकाणी छापलेला आहे आणि एकाने दुसऱ्याचा उतरवून घेतल्यासारखा दिसतो. मॉरिशसच्या अगदी पूर्वेच्या टोकापासून रॉड्रिग्सच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत नकाशावर मोजलंत, तरी ५८० च्या आसपास भरतं. 'मॉरिशसच्या पूर्वेला इतक्या किलोमीटरवर' असं ढोबळ सांगायला तो ठीक आहे, त्यावरून वेळ काढायला बसू नये.

एक छोटी सावधगिरी मैलांबाबत. ३२३ सागरी मैल आणि ३७२ साधे मैल हे एकच अंतर आहे, सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो. विमानाचा वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत सांगतात. एकाने साधे मैल घेऊन त्याला नॉटने भागलं की पंधरा टक्के चूक तिथेच होते.

आता वेळ. ४५ मिनिटं आणि सव्वा तास हे दोन्ही आकडे एकाच यंत्रातून निघालेले आहेत. अंतर-वेळ दाखवणारी बरीच संकेतस्थळं सगळ्या जगाला एकच वेग लावतात, ताशी ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर. हा जेट विमानाचा वेग. ५९८ ला ८०५ ने भागा, ४५ मिनिटं आली. काही संकेतस्थळं त्यात चढण्या-उतरण्याची अर्धा तास भर घालतात, झाला सव्वा तास. गणित बरोबर, विमान चुकीचं. रॉड्रिग्सला नेमाने जाणारं विमान एटीआर ७२ आहे, दोन पंख्यांचं, सत्तरच्या आसपास आसनांचं. त्याचा समुद्रावरचा वेग २७० ते २७५ नॉट, म्हणजे ताशी जेमतेम ५०० किलोमीटर.

३२३ ला २७० ने भागलं की ७२ मिनिटं येतात. पण विमान पहिल्या मिनिटापासून त्या वेगाने जात नाही. सतरा-अठरा हजार फुटांवर जायला त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि चढताना वेग बराच कमी असतो. तिथे पाच-सहा मिनिटं जातात. उतरताना वेग कमी करून धावपट्टीच्या रांगेत यायला आणखी तीन-चार. म्हणजे वारा नसेल तर हवेतला वेळ एक तास वीस मिनिटांच्या आसपास. जमिनीवर दोन्हीकडे मिळून दहा मिनिटं धरली की दीड तास झाला. कंपन्या तिकिटावर हाच वेळ छापतात, आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो: चाकांपुढचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा.

जेट असतं तर किती वाचलं असतं? ४५० नॉटने ४३ मिनिटं, वरची भर तेवढीच. एकूण वाचणार अर्ध्या तासाच्या आत. इतक्या अंतरावर जेटची मिजास फार उपयोगाची नसते, आणि मुळात ते तिथे उतरू शकत नाही. त्याकडे पुढे येतो.

मॉरिशसच्या दुसऱ्या बाजूला रियुनियन बेट आहे, ते यासाठी तुलनेला छान. प्लेझॉन्सपासून रियुनियनच्या रोलाँ गारोस विमानतळापर्यंत सुमारे २३२ किलोमीटर, १२५ सागरी मैल. रॉड्रिग्स त्याच्या अडीच पटीहून दूर. पण तिकिटावर रियुनियनला पाऊण तास आणि रॉड्रिग्सला दीड, म्हणजे वेळ दुपटीच्याच आसपास. पुण्यात घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षाला लागणारा वेळ तुम्ही लोणावळ्याला चाललात की मुंबईला, यावर अवलंबून नसतो, तसंच हे. चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं यांचा वेळ ठरलेला. अंतर जितकं कमी, तितका त्याचा वाटा मोठा. या तर्काचं टोक पाहायचं असेल तर स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं उड्डाण पाहा. २.७ किलोमीटर अंतर, वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि अनुकूल वाऱ्यात ते ५३ सेकंदांतही झालेलं आहे. तिथे अंतर भागिले वेग करून काहीच हाती लागत नाही, कारण विमान समुद्रावरच्या वेगाला पोचायच्या आतच उतरायला लागतं.

इथे एक गैरसमज उरकून टाकतो, कारण तो दर वेळी कुणीतरी काढतंच. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेला जायला वेगळा वेळ लागतो, असं काही नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्याने.

वाऱ्याचं इथलं गणित गमतीदार आहे. या भागात वर्षातला बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. मॉरिशसहून रॉड्रिग्स जवळजवळ सरळ पूर्वेला, किंचित उत्तरेकडे झुकलेलं. तेव्हा जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर, असं कोणीही म्हणेल. जहाजाच्या बाबतीत ते खरं आहे. मॉरिशसहून जहाजाने रॉड्रिग्सला जायला दीड दिवसाच्या आसपास लागतो आणि परतीला बहुधा त्याहून कमी. पण विमान जहाजाच्या उंचीवरून जात नाही. व्यापारी वाऱ्यांचा थर साधारण दोन-तीन किलोमीटरपर्यंतच असतो. त्याच्या वर, विशेषतः तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, वारे पश्चिमेकडून वाहू लागतात. एटीआर सतरा हजार फुटांवर, म्हणजे पाच किलोमीटरच्या पुढे असतं. त्यामुळे जमिनीवर पूर्वेचा वारा कानशिलात बसत असताना वर गेल्यावर तोच प्रवासी पाठीवर वारा घेऊन रॉड्रिग्सला चाललेला असतो. समुद्रावरच्या लाटा पाहून परतीचा वेळ सांगणाऱ्या माणसाचं ऐकू नये ते याचसाठी.

आकडे घालून पाहू. ३० नॉटचा वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग २४०, त्या ७२ मिनिटांची ८१ होतात. पाठीवर असेल तर ३००, आणि ६५ मिनिटं. जाण्यायेण्यात पाव तासाचा फरक. म्हणून कुणी म्हणालं, "जाताना सव्वा तासात पोचलो आणि येताना दीड तास हवेतच होतो," तर ते खोटं बोलत नसतात. आणखी एक गंमत: जाऊन येऊन मिळून वाऱ्याचा हिशेब शून्य होत नाही. शांत हवेत दोन्ही मिळून १४४ मिनिटं, या वाऱ्यात १४५ च्या थोडं पुढे. वारा उलटा असताना विमान त्यात जास्त वेळ काढतं, सुलट असताना कमी. एटीआरच्या वेगाला हा तोटा दीड-दोन मिनिटांचा. पूर्वीच्या छोट्या विमानांना तो चांगलाच जाणवत असणार. एअर मॉरिशसने १९७२ मध्ये या मार्गावर उड्डाणं सुरू केली ती पायपर नावाहो या मोजक्या आसनांच्या विमानाने, पुढे ट्विन ऑटर आलं. ट्विन ऑटर १५० नॉटने जातं म्हटलं तरी दोन तासांच्या पुढे, आणि समोरून ३० नॉट असले की पावणेतीनकडे.

उरलेली काही मिनिटं धावपट्ट्यांच्या दिशेत जातात, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. विमान वाऱ्याकडे तोंड करून उठतं आणि उतरतं. जमिनीवरचा वारा आग्नेयेचा, म्हणून दोन्ही धावपट्ट्याही वायव्य-आग्नेय अशा आखलेल्या: रॉड्रिग्सची १२/३०, मॉरिशसची १४/३२ (हे धावपट्टीच्या दोन टोकांचे होकायंत्रावरचे अंश, शेवटचं शून्य गाळून). पश्चिमेकडून येणारं विमान रॉड्रिग्सला फार वळण न घेता जवळजवळ समोरासमोर उतरतं. परतीला मात्र तेच विमान आधी आग्नेयेला, म्हणजे घराच्या उलट्या दिशेला उठतं, मग वळसा घालून पश्चिमेला लागतं. आणि मॉरिशसला पोचल्यावर पूर्वेकडून आलेलं असूनही बेटाला वळसा मारून वायव्य बाजूने उतरायला यावं लागतं. दोन्हीकडची मिळून सहज सात-आठ मिनिटं. वर पश्चिमेचा वारा असेल त्या दिवशी हे सगळं एकाच बाजूला साठतं.

इथपर्यंत मिनिटांची गोष्ट झाली. तुमचा दुसरा प्रश्न, मुंबईच्या विमानाचा, मिनिटांनी ठरत नाही.

रॉड्रिग्सची सध्या वापरात असलेली धावपट्टी १,३०० मीटरच्या आतली आहे. मॉरिशसची जवळपास ३,४०० मीटर. एटीआर ७२ पूर्ण वजनाने भरलं तर समुद्रसपाटीला उठायला त्याला १,३०० मीटरहून थोडी जास्तच धावपट्टी लागते. आता वजनाचा ढोबळ ताळा मांडू. रिकामं विमान, कर्मचारी धरून, साडेतेरा टनांच्या आसपास. उठतानाचं कमाल वजन २३ टन. म्हणजे माणसं, सामान आणि इंधन यांना मिळून साडेनऊ टन.

इंधन किती? इथे बेटाचं एकटेपण आड येतं. आपल्याकडे नागपूरला जाणाऱ्या विमानाला नागपुरात उतरता आलं नाही तर आसपास दुसरे विमानतळ आहेत. रॉड्रिग्सच्या आसपास काही नाही. सर्वांत जवळचा कामाचा विमानतळ म्हणजे जिथून निघालो तेच मॉरिशस. म्हणून विमानात जाण्याचं इंधन, उतरता आलं नाही तर तसंच मागे फिरून मॉरिशसला येण्याचं इंधन, त्यावर अर्ध्या तासाचा हात न लावायचा साठा आणि थोडी आगाऊ भर, एवढं सगळं असावं लागतं. तासाला ७०० किलो धरलं तर सुमारे २,४०० किलो होतात. पर्यायी विमानतळ साठ सागरी मैलांवर असता तर यातले सातशे किलो वाचले असते, म्हणजे सात प्रवासी सामानासकट. दुसरी एक पद्धतही नियमांत आहे: अशा एकाकी विमानतळासाठी तिथे पोचल्यावर दोन तास उडत राहता येईल एवढं इंधन न्यायचं आणि वाटेत एक बिंदू ठरवायचा, ज्याच्या पुढे गेलं की परत फिरता येत नाही. त्या बिंदूच्या आत पुढची हवा तपासून निर्णय घ्यायचा. दोन्हींत वजन तेवढंच खातं.

साडेनऊमधून २.४ टन गेले, उरले सात टन. सत्तर माणसं आणि त्यांचं सामान यांचं वजन बरोबर तेवढंच होतं. म्हणजे सगळं ठाकठीक असलं तरच बसतं. परतीला रॉड्रिग्सहून निघताना इंधन थोडं कमी लागतं, कारण मॉरिशसला उतरता आलं नाही तर पुढे रियुनियन आहे. पण तेव्हा धावपट्टी आखूड असते. उन्हाने हवा पातळ झाली, पट्टी ओली असली किंवा वारा पडला, की उठण्याचं वजन आणखी खाली आणावं लागतं. मग काय सोडायचं? इंधन सोडता येत नाही, तिकीट काढलेला माणूस सहसा सोडत नाहीत. राहतं सामान. तुमची पेटी पुढच्या विमानाने आली तर त्यामागे हा हिशेब असतो, कुणाचा निष्काळजीपणा असेलच असं नाही. त्यामुळे या मार्गावर सामानाची मर्यादा आधी वाचून घ्या, मुंबईहून मॉरिशसला चालणारं वजन इथे चालेलच असं धरू नका. औषधं आणि एक दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. तिथल्या मध-लोणच्यांच्या बाटल्या घ्यायच्या तर हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवून घ्या.

आपल्याकडे याचं जवळचं उदाहरण लक्षद्वीपचं अगत्ती. कोचीहून तिथलं अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आत, धावपट्टी सुमारे १,२०० मीटर, आणि विमान तेच एटीआर. अगत्तीचं नियोजन करताना आमची डोकेदुखी हीच असायची: हवा जरा बिघडली की इंधन वाढवायचं, इंधन वाढलं की सामान काढायचं, आणि तिकडे प्रवाशांच्या शिव्या खायच्या. रॉड्रिग्स अगत्तीपेक्षा सव्वाशे किलोमीटरने लांब आणि कितीतरी जास्त एकटं.

रॉड्रिग्सला २,१०० मीटरची नवी धावपट्टी करण्याचा प्रकल्प हाती घेतलेला आहे. ती झाल्यावर मोठी जेट विमानं उतरू शकतील आणि वर सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी जुन्या होतील. हवेतला वेळ मात्र तेव्हाही फार घटणार नाही, ते गणित वर केलंच आहे. घटेल ते सामान मागे राहणं.

मधेच एक इंजिन बंद पडलं तर, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या सौभाग्यवतींच्या मनात असेल. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक उड्डाणाला आम्ही एक समान-वेळ बिंदू काढतो, जिथून पुढे जायला आणि मागे यायला सारखाच वेळ लागतो. वारा नसेल तर तो बरोबर मध्यावर, १६१ सागरी मैलांवर. समोरून ३० नॉटचा वारा असेल तर हा बिंदू वारा जिकडून येतो तिकडे सरकतो, या मार्गावर मॉरिशसपासून १७९ मैलांवर जातो. म्हणजे निम्मं अंतर ओलांडल्यावरही थोडा वेळ परत फिरणंच जवळचं असतं. एका इंजिनावर एटीआर २०० नॉटच्या आसपास जातं. सर्वांत वाईट जागीसुद्धा दोन्हींपैकी एक विमानतळ तासाच्या आत आहे. समुद्री उड्डाणांत हे अंतर किरकोळच समजतात, हे त्यांना सांगा.

खरी अडचण हवा. नोव्हेंबर ते एप्रिल-मे हा तिथला चक्रीवादळांचा काळ. मार्च २०१९ मध्ये जोआनिन्हा हे चक्रीवादळ रॉड्रिग्सच्या अगदी जवळून गेलं, जानेवारी २०२४ मध्ये बेलालने रियुनियन आणि मॉरिशसला झोडपलं आणि मॉरिशसचा विमानतळ बंद ठेवावा लागला. मॉरिशसचं हवामान खातं धोक्याच्या सूचना एक ते चार अशा चढत्या वर्गांत देतं. वर्ग चढायला लागले की उड्डाणं आधीच आवरती घेतात, कारण विमानंही सुरक्षित जागी हलवायची असतात. पण चक्रीवादळच हवं असं नाही. सखल ढग आणि आडवा, झटक्यांचा वारा असला तरी आखूड धावपट्टीवर वैमानिक धोका पत्करत नाही. अशा दिवशी विमान रॉड्रिग्सच्या डोक्यावर येऊन, प्रयत्न करून, तसंच मॉरिशसला परत जातं. तिकिटावरचे दीड तास होते, प्रवासी तीन तास हवेत बसून निघाला तिथेच उतरतो. आणि तुम्ही रॉड्रिग्सला परतीच्या विमानाची वाट बघत असाल तर तुमचं विमान आलेलंच नसतं. दिवसाला मोजक्याच फेऱ्या, विमानं लहान. एक फेरी चुकली की त्या सत्तर माणसांना पुढच्या भरलेल्या विमानांत दोन-चार करून कोंबावं लागतं.

म्हणून मधली रात्र. मुंबई-मॉरिशस सुमारे ४,७०० किलोमीटर, साडेसहा तासांचा प्रवास. ते तिकीट बुडालं तर फटका मोठा बसतो. मे ते ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर एक रात्र पुरे. डिसेंबर ते मार्चमध्ये असाल तर मी दोन ठेवीन. तुमची मुलगी तिथेच असल्याने हॉटेलचाही खर्च नाही. शक्य असेल तर मुंबई-मॉरिशस आणि मॉरिशस-रॉड्रिग्स एकाच तिकिटात काढा. एका तिकिटात पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय लावणं कंपनीवर येतं. दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही नुसते उशिरा आलेले प्रवासी. बेटावर जायची पहिली तारीखही मुंबईहून पोचलात त्याच दिवसाची ठेवू नका.

घड्याळाचं एक सांगायचं राहिलं. मॉरिशसची वेळ आपल्या दीड तास मागे आणि रॉड्रिग्सची वेळ मॉरिशसचीच. त्यामुळे या उड्डाणात घड्याळ हलवायचं नाही. तिकिटावरची दोन्ही वेळांची वजाबाकी हाच प्रवासाचा वेळ. सूर्य मात्र हे मानत नाही. रॉड्रिग्स जवळपास पावणेसहा रेखांश पूर्वेला असल्याने तिथे सूर्य मॉरिशसपेक्षा वीस-बावीस मिनिटं आधी उगवतो आणि आधीच मावळतो. संध्याकाळी फिरायला जायचं तर तेवढं लवकर निघा.

घरून विमानतळापर्यंतचा वेळही धरा. मुलगी पश्चिमेकडे, कास्कावेलसारख्या मराठी वस्तीच्या गावाकडे राहत असेल तर प्लेझॉन्स बेटाच्या दुसऱ्या टोकाला पडतं, गाडीने तास तरी सोडा. सकाळच्या गर्दीत जास्त. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, त्या सुमारास जाणार असाल तर जागा आधीच बघून ठेवा. वर्षअखेरीला तर मोठ्या बेटावर नोकरीला असलेले रॉड्रिग्सचे लोक गावी परततात, तेव्हा आयत्या वेळी तिकीट मिळणं कठीण. रॉड्रिग्स हा मॉरिशसचाच स्वायत्त प्रदेश असल्यामुळे देशांतर्गत प्रवास आहे, परदेशी जायचे सोपस्कार नाहीत, तरी पासपोर्ट जवळ असू द्या. रियुनियनला मात्र जाल तर ते फ्रान्स आहे, पाऊण तासाच्या उड्डाणासाठी विमानतळावर त्याच्या दुपटीने वेळ जाईल.

खिडकीची जागा मागणार असाल तर जाताना डावीकडची घ्या, आणि पंखाच्या पुढे किंवा मागे कुठेही चालेल: एटीआरचे पंख छपराशी जोडलेले असल्याने खालचं दृश्य पंखाने अडत नाही, फक्त इंजिनाशेजारच्या एक-दोन रांगा टाळा. चढायचा दरवाजा मागे असतो, पुढचा भाग सामानाचा. त्यामुळे पोचल्यावर लवकर उतरायचं असेल तर मागच्या रांगा मागा, मुंबईच्या मोठ्या विमानात करता त्याच्या उलट.